एक फिरस्ता, एक गडकरी

भाद्रपदाच्या अखेरीस पावसाचा जोर ओसरतो. सिंहगडाच्या माथ्यावरील गवत अजून हिरवे असते, टाकी काठोकाठ भरलेली असतात आणि ढगांतून मधूनच स्वच्छ ऊन पडते. अशा वेळी दुपारी गडावर उभे राहिले, तर डोक्यावर पाचदहा हातांच्या उंचीवर सोनेरी रंगाचे शेकडो चतुर घिरट्या घालताना दिसतात. ते फुलावर बसत नाहीत, गवतावर टेकत नाहीत. वाऱ्यावर पंख पसरून नुसते तरंगत राहतात. गडावर आलेली मुले त्यांच्याकडे बोट दाखवतात आणि क्षणभराने विसरून जातात. चतुर कोणी पाहिलेला नसतो?

त्याच गवताखाली, त्याच वेळी, बिळाच्या अंधारात एक उंदीर झोपलेला असतो. त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण तो कोणाला दिसतच नाही. दिसला असता, तर लोकांनी बहुधा दगडच उचलला असता. ‘उंदीर’ या शब्दातच तशी काही जादू आहे. गणेशचतुर्थीला त्याची मूर्ती गणपतीच्या पायाशी बसवून तिला हळदकुंकू वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावर पिंजरा लावायचा, असा आपला व्यवहार आहे.

या दोघांपैकी वर तरंगणारा प्राणी पृथ्वीवर जवळजवळ सर्व उष्ण प्रदेशांत आढळतो. आणि खाली झोपलेला, पृथ्वीवरील ज्या प्राण्यांचे अस्तित्वच धोक्यात आले आहे, त्यांच्या यादीत नोंदलेला आहे. दोघेही एकाच गडावर, एकाच ऋतूत. दोघांच्या नशिबात एवढे अंतर का पडले, हे पाहण्यासाठी दोघांची राहणी जरा जवळून न्याहाळली पाहिजे.

प्रथम चतुराकडे वळू. चतुरांच्या अनेक जाती आपल्याकडे आहेत. तांबडे, निळे, हिरवट, काळेपांढरे असे त्यांचे रंग असतात. बहुतेक चतुर पाण्याकाठच्या काडीवर आपली हक्काची जागा धरून बसतात आणि दुसरा चतुर जवळ आला की त्याला हुसकून लावतात. थव्याने फिरणारा हा सोनेरी चतुर मात्र निराळ्या स्वभावाचा आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘पँटाला फ्लॅवेसेन्स’ म्हणतात. हे नाव जिभेला जड वाटत असेल, तर ‘भटका चतुर’ म्हणावे. त्याच्या शरीराची लांबी सुमारे साडेचार सेंटिमीटर असते. मागच्या पंखांची जोडी बुडाशी चांगली रुंद असते, त्यामुळे पंख फारसे न हलवता तो वाऱ्यावर दीर्घकाळ तरंगू शकतो. घारीला आकाशात घिरट्या घालताना पाहिले असेल, त्याला हे लगेच कळेल.

त्याचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापून टाकतात. प्रत्येक डोळा हजारो बारीक भिंगांचा बनलेला असतो. वर, खाली, बाजूला असे एकाच वेळी पाहता येत असल्याने हवेत उडणारे डास आणि चिलटे त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. सहा पाय पुढे घेऊन तो त्यांची परडी करतो आणि उडता उडता भक्ष्य त्या परडीत झेलतो. चतुर हे नाव त्याला ज्याने दिले, त्याने त्याला शिकार करताना पाहिले असावे.

परंतु चतुराचे हे उडते रूप म्हणजे त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध. पूर्वार्ध पाण्यात जातो. मादी पाण्यावरून उडत जाऊन शेपटीचे टोक पाण्याला टेकवत शेकडो अंडी घालते. अंड्यातून निघणारे पिल्लू पाण्यातच राहते. त्याला पंख नसतात. त्याचा खालचा ओठ कोपरात दुमडलेल्या हातासारखा असतो. डासाची अळी जवळ आली की हा हात विजेच्या वेगाने पुढे येतो आणि अळीला पकडून तोंडापाशी आणतो. अनेक जातींच्या चतुरांना पाण्यात महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे काढावी लागतात. भटक्या चतुराला एवढी उसंत नसते. ज्या डबक्यात तो जन्मतो, ते पाऊस थांबला की आटणार असते. म्हणून उष्ण हवेत तो सुमारे दीडदोन महिन्यांत वाढ पुरी करतो, काठावरच्या काडीवर चढतो, पाठीची कात फाडून बाहेर येतो आणि पंख वाळताच उडून जातो. भातखाचर, रस्त्यातला खड्डा, खडकातली खळगी, कोणतेही उथळ पाणी त्याला चालते. ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ असे आपण बिलंदर माणसाला म्हणतो. या किड्याचे घराणे ते शब्दशः प्यालेले आहे.

पाण्याविषयी त्याची एक फसगत मात्र सांगण्यासारखी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरून उजेड जसा परावर्तित होतो, तसाच तो मोटारीच्या चकचकीत टपावरूनही होतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीवर चतुराची मादी मोठ्या विश्वासाने शेपटी टेकवत अंडी घालताना पुष्कळदा दिसते. ती अंडी तापलेल्या पत्र्यावर करपून जातात. म्हणजे चतुरही नेहमीच चतुर नसतो. तरी त्याच्या घराण्याचे त्याने काही बिघडत नाही, कारण शंभर ठिकाणी अंडी वाया गेली तरी हजार ठिकाणी ती रुजतात.

आश्विन उलटला की हे थवे महाराष्ट्रातून दिसेनासे होतात. ते जातात कोठे? या प्रश्नाचे उत्तर एका दूरच्या बेटावरून मिळाले. भारताच्या दक्षिण टोकापासून सुमारे सहाशे किलोमीटर अंतरावर, समुद्रात मालदीव नावाची बेटे आहेत. तेथे नद्या नाहीत, तळी जवळजवळ नाहीतच. जमिनीवर पडलेला पाऊस सच्छिद्र प्रवाळातून खाली झिरपून जातो. अशा ठिकाणी दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात लाखो भटक्या चतुरांचे थवे अवतरतात. गोड्या पाण्यावाचून ज्याचा वंश चालत नाही, त्या किड्याने गोडे पाणी नसलेल्या बेटावर का यावे? तेथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना या कोड्याने पछाडले. त्यांनी अनेक वर्षे चतुरांच्या आगमनाच्या तारखा टिपून ठेवल्या. दक्षिण भारतातून ते केव्हा निघतात, मालदीवला केव्हा येतात, त्याहून दूरच्या सेशेल्स बेटांवर केव्हा पोहोचतात, हे त्यांनी एकापुढे एक मांडले. आणि २००९ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. चतुर मालदीवला राहायला येत नव्हते. ते तेथून पुढे जात होते. त्यांची वाट हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते.

त्या दिवसांत जमिनीलगत वारा उलट दिशेचा असला, तरी हजार मीटरांहून अधिक उंचीवर तो ईशान्येकडून वाहत असतो. चतुर त्या उंचीवर चढतात आणि वाऱ्याच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडतात. आफ्रिकेत तेव्हा पावसाळा असतो. तेथील डबक्यांत त्यांची पुढची पिढी वाढते, पावसामागोमाग सरकते, आणि नैर्ऋत्येचे मोसमी वारे सुरू झाले की त्यांच्याबरोबर भारताकडे परतते. जाऊन येऊन हा प्रवास चौदा ते अठरा हजार किलोमीटरांचा होतो असा अँडरसन यांचा अंदाज आहे, आणि तो पुरा व्हायला चतुराच्या चार पिढ्या लागतात. सिंहगडावरून निघालेला चतुर परत येत नाही. परततो तो त्याचा पणतू. वाट कोणी शिकवत नाही, पुढे कोणी चालत नाही. वारीच्या वाटेवर पालखीचे खांदे बदलतात, तसे येथे पिढ्यांचे खांदे बदलतात. पालखीबरोबर निदान वाट ठाऊक असलेले जुने वारकरी असतात. या वारीत तेही नाहीत. पुढे २०१२ मध्ये मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनची तपासणी झाली. ज्या पाण्यात कीटक वाढतो, त्याची खूण त्याच्या पंखांत उतरते. त्या खुणेवरून हे चतुर उत्तर भारत किंवा त्याही पलीकडच्या प्रदेशात जन्मले असावेत असे दिसून आले.

याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबरात, अमूर ससाणे नावाचे लहान शिकारी पक्षी भारतावरून आफ्रिकेकडे जातात. लोणावळ्याच्या परिसरातही ते दिसले आहेत. समुद्रावर एवढ्या लांब प्रवासात ते काय खात असतील, याचे उत्तर अँडरसन यांच्या मते वाटेत बरोबर असलेल्या या थव्यांतच आहे. फिरस्त्यालाही शत्रू असतात, पण तो संख्येने त्यांना पुरून उरतो.

आता जमिनीवर, किंबहुना जमिनीखाली येऊ.

सिंहगडाचे जुने नाव कोंडाणा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी तो घेतला, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. त्या रात्री कडा चढण्यास घोरपडीने साहाय्य केले अशी आख्यायिका आहे. इतिहास तिला आधार देत नसला तरी घोरपडीला कीर्ती मिळाली ती मिळालीच. गडाच्या उंदराला मात्र कोणी पोवाड्यात घेतले नाही. शतकानुशतके मावळे, गडकरी, ब्रिटिश अधिकारी, हवा पालटायला येणारे लोक आणि सहलीची मुले त्याच्या बिळावरून चालत गेली. १९७५ पर्यंत त्याला शास्त्रात नावसुद्धा नव्हते.

ते नाव कसे पडले, हे मोठे मनोरंजक आहे. १९५२ मध्ये पुण्यात विषाणूंच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. रानातील लहान प्राण्यांच्या अंगावर गोचिडी व पिसवा असतात आणि त्यांच्यामार्फत कित्येक रोग पसरतात. म्हणून तेथील संशोधकांना उंदीर कोणत्या जातीचा, हे नीट ओळखणे आवश्यक असे. या केंद्रातील मिश्र आणि धांडा या दोन शास्त्रज्ञांनी मऊ केसांच्या उंदरांच्या गटाचा बारकाईने अभ्यास केला. सिंहगडावर मिळालेले उंदीर त्यांनी इतरांशी ताडून पाहिले, आणि ते कोणत्याही ज्ञात जातीशी जुळेनात. शेतात सर्वत्र आढळणाऱ्या मऊ केसांच्या उंदराचा हा भाऊबंद खरा, पण त्याच्याहून थोराड. अंगावर गर्द तपकिरी मऊ लव, पोटाकडे फिकट. त्यांनी त्याचे नाव गडावरून ठेवले : ‘मिलार्डिया कोंडाणा’. ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ असे आपण फुकट गेलेल्या श्रमांविषयी उपहासाने म्हणतो. येथे डोंगरातून खरोखरच उंदीर निघाला, आणि श्रम मुळीच फुकट गेले नाहीत.

नावातील पहिल्या शब्दामागेही एक माणूस आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या सन्मानार्थ १९११ मध्ये लंडनच्या ओल्डफील्ड टॉमस यांनी उंदरांच्या या गटाला हे नाव दिले. देशभरातील सस्तन प्राण्यांची पाहणी करण्याच्या कामी मिलार्ड यांनी पुढाकार घेतला होता. पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन एक लहान मुलगा बिचकत त्यांच्या कचेरीत गेला होता. त्यांनी त्याला जवळ बसवून पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली. असे हे नाव आज ज्या उंदराला लागले आहे, तो मिलार्ड यांनी कधी पाहिला नाही.

कोंडाणा उंदीर निशाचर आहे. दिवसा तो बिळात राहतो व रात्री बाहेर पडतो. कुरतडणाऱ्या सर्व प्राण्यांप्रमाणे त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात व कुरतडूनच ते आटोक्यात ठेवावे लागतात. तो घरात शिरून धान्य खाणारा उंदीर नव्हे. गवत आणि खुरट्या झुडपांची उघडी पठारे ही त्याची वस्ती. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे, आणि जेथे हा उंदीर प्रथम सापडला ते पठार जेमतेम एक चौरस किलोमीटर भरेल. शाळकरी मुलगा ते पंधरा मिनिटांत चालून ओलांडील. कित्येक वर्षे जगात एवढ्याच जागी त्याचे वास्तव्य असल्याचे मानले जात होते. पुढे सह्याद्रीतील आणखी एकदोन उंच किल्ल्यांवरूनही त्याच्या नोंदी झाल्या. म्हणजे त्याचे राज्य किल्ल्याकिल्ल्यांपुरतेच. गडाचा माथा हे एक बेटच म्हणावे लागेल. भोवती समुद्र नाही. भोवती शेते, गावे आणि रस्ते आहेत. पण उंच माथ्यावरील गवताला सरावलेल्या लहान प्राण्याला ते समुद्राइतकेच दुस्तर असू शकतात.

आणि या बेटावर आता माणसांची भरती येते. पुण्यापासून गड तीसएक किलोमीटरांवर आहे. थेट माथ्यापर्यंत मोटार जाते. सुटीच्या दिवशी हजारो लोक येतात. त्यांनी येऊ नये असे कोण म्हणेल? ज्या गडावर तानाजीने देह ठेवला, तो पाहण्याचा हक्क सर्वांचा आहे, आणि झुणका-भाकर, भजी व मडक्यातले दही यांवर शेजारच्या गावांतील कितीतरी घरांच्या चुली पेटतात. पण पायवाटा रुंदावतात तसे गवत मागे हटते. गुरे चरतात तेथे ते वाढत नाही. खरकटे पडते, तेथे कुत्री येतात. आणि माणसाच्या खरकट्यामागोमाग जगभर फिरलेला घरउंदीरही येतो. गडावर नेणाऱ्या रस्त्यावर वाहनांकडून वनविभागामार्फत जे शुल्क घेतले जात आले आहे, त्याला ‘उपद्रव शुल्क’ म्हणतात. उपद्रव कोणी कोणाला द्यावा, याविषयी सरकारी भाषेने येथे चुकून खरे सांगून टाकले आहे.

कायद्याच्या पुस्तकात मात्र बरीच वर्षे उलटे लिहिले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला जोडलेल्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्या बरोबरीने तीत उंदीरही होते. शेतकऱ्याचे धान्य आणि १८९६ मध्ये मुंबईत व पाठोपाठ पुण्यात आलेला प्लेग आठवला, म्हणजे उंदराचे नाव तेथे का लिहिले गेले हे समजते. पण ‘उंदीर’ ही एक जात नाही, तो शेकडो जातींचा विस्तीर्ण गोतावळा आहे, आणि त्यातल्या काहींच्या गुन्ह्याची शिक्षा सर्वांना देणे न्यायाचे नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची कायद्यातून काढून टाकण्यात आली.

एवढे पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. चतुर पुष्कळ आहेत ते केवळ भराभर वाढतात म्हणून नव्हे. उंदरांचे कुळही भराभर वाढण्याविषयी प्रसिद्धच आहे. फरक जागेचा आहे. चतुराचे एक डबके आटले तर दुसरे आहे, एका देशात अवर्षण पडले तर दुसऱ्यात पाऊस आहे. उंदराचे पठार गेले, तर त्याला दुसरे पठार शोधायला पंख नाहीत.

तथापि फिरस्त्याची वृत्तीही कायमची नसते. दक्षिण प्रशांत महासागरात ईस्टर नावाचे एक एकाकी बेट आहे. वस्ती असलेली दुसरी जमीन तेथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे. एवढा समुद्र ओलांडून त्या बेटावर चतुराची एकच जात पोहोचली, ती आपल्या भटक्या चतुराची. परंतु तेथे स्थायिक झालेल्या चतुरांचे निरीक्षण करून १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदले की, ते इतर ठिकाणच्या भाईबंदांपेक्षा रंगाने काळपट आहेत आणि उंच भरारी मारण्याचे टाळतात. हे साहजिकच आहे. त्या बेटावर जो उंच उडतो, त्याला वारा समुद्रावर नेतो आणि तो परतत नाही. जो जमीन धरून राहतो, त्याचीच अंडी तळ्यात पडतात. साऱ्या पृथ्वीवर संचार करणारा हा फिरस्ता तेथे असा गडकरी होऊन बसला आहे. ईस्टर बेटावरील त्याच्या वस्तीची मदार आज तेथील विवरांत साचलेल्या मोजक्या तळ्यांवर आहे.

कोंडाणा उंदराचा अभ्यास करणारे लोक संध्याकाळी, गडावरची गर्दी उतरून गेल्यावर, गवतात लहान पिंजरे मांडतात आणि पहाटे ऊन तापण्यापूर्वी ते उघडून पाहतात. सापडलेल्या उंदराचे वजन करावयाचे, शेपटी, कान व पाऊल मोजावयाचे, अंगावरील लव पाहावयाची, नोंद करावयाची आणि त्याला सोडून द्यावयाचे. सोडताना मात्र एक दक्षता घ्यावी लागते. ज्या जागी पिंजरा मांडला होता, नेमक्या त्याच जागी तो उघडावा लागतो.